दूध-लाह्या

दूध-लाह्या हा ज्वारीच्या लाह्यांवर दूध ओतून आणि त्यात थोडा गूळ किंवा साखर घालून खाल्ला जाणारा न्याहारीचा पदार्थ आहे. महाराष्ट्रातील रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात, विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), सोलापूर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांत, तो परिचित आहे. लाह्या आधी फोडून ठेवलेल्या असल्यास चूल न पेटवता तो वाडग्यात तयार होतो. या अर्थाने डबाबंद न्याहारीच्या धान्यांचा तो देशी आणि त्यांच्याहून जुना भाऊबंद ठरतो. नागपंचमीला घरोघरी लाह्या होत असल्याने श्रावणाच्या पहिल्या पंधरवड्यात हा पदार्थ सर्वाधिक खाल्ला जातो.

नाव

'लाही' हा शब्द संस्कृत 'लाज' या शब्दावरून आला आहे. विवाहविधीतील 'लाजाहोम' या नावात मूळ रूप टिकून आहे. तेथे वधूच्या ओंजळीत तिचा भाऊ लाह्या घालतो व त्या अग्नीला अर्पण होतात. या लाह्या साळीच्या, म्हणजे तुसासकट भाताच्या असतात. लक्ष्मीपूजनाच्या बत्ताशांसोबतच्या लाह्याही साळीच्याच. पठारावरील कोरडवाहू भागात मात्र नुसते 'लाह्या' म्हटले की ज्वारीच्या लाह्या समजल्या जातात. 'अंगाची लाही लाही होणे' हा वाक्प्रचार तापलेल्या कढईतील दाण्यावरूनच रूढ झाला आहे.

घोडेगाव परिसर

नेवासा तालुक्यातील घोडेगाव हे अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरील बाजारपेठेचे गाव असून शनिशिंगणापूरकडे जाणारा रस्ता येथून फुटतो. (पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय असलेले घोडेगाव वेगळे.) गाव घोडेश्वरी देवीचे मंदिर, जनावरांचा आठवडे बाजार आणि कांद्याचे लिलाव यांसाठी ओळखले जाते. जनावरांच्या बाजारात दुभत्या म्हशींची मोठी खरेदी-विक्री होते.

वाडग्यातील दूध आणि लाही यांचा संबंध या परिसरात शेतापासूनच सुरू होतो. रब्बी ज्वारीचे पीक दोन कामांसाठी घेतले जाते: कणसातून धान्य मिळते आणि वाळलेल्या ताटांचा कडबा होतो. कडबा कुट्टी करून किंवा पेंढीनेच गाई-म्हशींना घातला जातो. एकाच ताटाचा वरचा भाग लाही होऊन आणि खालचा भाग दूध होऊन वाडग्यात परत येतो, असे म्हणता येते. दुष्काळी वर्षात तर धान्यापेक्षा कडब्याचीच चिंता मोठी असते.

हे समीकरण आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. राहुरी तालुक्यातील बारागाव नांदूर येथील मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी नेवासा तालुक्यात पोहोचल्यावर ऊस वाढला. त्यापाठोपाठ सोनई व भेंडे येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि कांद्यानेही मोठे क्षेत्र घेतले. ज्वारीची काढणी कष्टाची असते, कणसात दाणा भरताना पाखरे राखावी लागतात आणि रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळतात. या सर्व कारणांनी राज्यभर ज्वारीचे क्षेत्र घटले आहे. ज्या घरात ज्वारी पिकत नाही, त्या घरात लाह्याही क्वचितच फुटतात. त्या विकत आणल्या जातात.

लाहीसाठी ज्वारी

सर्वच ज्वारीच्या लाह्या चांगल्या होत नाहीत. दाण्याच्या आतला पिष्टमय भाग दोन प्रकारचा असतो: बाहेरच्या बाजूस काचेसारखा कठीण आणि मध्यभागी पिठूळ. कठीण भाग जितका जास्त आणि दाण्याची साल जितकी अखंड, तितकी लाही मोठी फुलते. किडलेला, चिरलेला किंवा मळणी यंत्रात सालटलेला दाणा फुटत नाही, कारण त्यातील वाफ आधीच निसटून जाते.

भाकरीसाठी नावाजलेला 'मालदांडी' (एम ३५-१) हा वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडला गेला. घोडेगावच्या शेजारच्या तालुक्यात, राहुरी येथे असलेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६८) पुढे वेगवेगळ्या पदार्थांसाठी वेगवेगळे वाण दिले: हुरड्यासाठी 'फुले उत्तरा' व 'फुले मधुर', पापडासाठी 'फुले रोहिणी' आणि लाह्यांसाठी 'फुले पंचमी'. शेवटच्या वाणाचे नाव नागपंचमीची आठवण करून देणारे आहे. लाह्यांसारख्या घरगुती पदार्थासाठी कृषी विद्यापीठाने स्वतंत्र वाण द्यावा, यावरून या पदार्थाचे या भागातील स्थान लक्षात येते.

लाही कशी फुटते

ज्वारीच्या दाण्यात थोडे पाणी असते. दाणा झपाट्याने तापवला की या पाण्याची वाफ होते, पण घट्ट सालीमुळे तिला बाहेर पडता येत नाही. आतील दाब वाढत जातो व पिष्ट मऊ होते. तापमान साधारण १८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचल्यावर साल फाटते, दाब एकदम उतरतो, वाफ पसरते आणि मऊ पिष्टाचा फेस होऊन तो त्याच क्षणी वाळतो. पांढरी लाही म्हणजे हा वाळलेला फेस होय. मक्याची लाही याच तत्त्वावर फुटते. ज्वारीची लाही आकाराने बरीच लहान असते.

यावरून पाण्याचे प्रमाण किती निर्णायक आहे ते कळते. दाणा फार कोरडा असेल तर पुरेशी वाफ होत नाही आणि तो नुसता करपतो. फार ओला असेल तर साल लवकर मऊ पडून दाब साठत नाही. रब्बी ज्वारी फेब्रुवारी–मार्चमध्ये निघते आणि उन्हात वाळवून साठवली जाते. श्रावण येईपर्यंत ती चांगलीच कोरडी झालेली असते. म्हणून लाह्यांपूर्वी ज्वारी ओलवण्याची पद्धत आहे. आर्द्रता मोजण्याचे साधन नसताना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बसवलेले हे माप आहे.

साळीच्या बाबतीत हे काम तूस करते. तुसाशिवायच्या तांदळाची अशी लाही होत नाही. त्याचे मुरमुरे करण्यासाठी तांदूळ आधी उकडून, वाळवून मग तापलेल्या वाळूत टाकावा लागतो.

कृती

ज्वारी निवडून, खडे व फुटके दाणे काढून आदल्या रात्री उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवतात. पाणी पूर्ण उपसून दाणे फडक्यात घट्ट बांधून ठेवले जातात, म्हणजे ओल दाण्याच्या आत सर्वत्र सारखी मुरते. सकाळी ते सावलीत पसरतात. वरून कोरडे पण हाताला किंचित गार लागतील, अशा अवस्थेत ते भाजण्यास योग्य असतात. उन्हात वाळवल्यास मुरवलेली ओल निघून जाते आणि आदल्या रात्रीची मेहनत वाया जाते.

लोखंडी कढई किंवा मातीचे खापर चांगले तापवून त्यात एका वेळी एक मूठच ज्वारी टाकली जाते. जास्त दाणे टाकल्यास कढई निवते आणि दाणे फुटण्याऐवजी हळूहळू भाजले जातात. सुती फडक्याचा बोळा करून तो दाण्यांवरून गोल फिरवतात. त्यामुळे प्रत्येक दाणा तळाला टेकतो आणि उडणाऱ्या लाह्याही आवरल्या जातात. तडतड मंदावताच घाणा लगेच ताटात काढतात, कारण लाही कढईत राहिल्यास पिवळी पडून करपट लागते. भडभुंजे हेच काम भट्टीवर, तापलेल्या वाळूत करतात. वाळू दाण्याला सर्व बाजूंनी सारखी उष्णता देते, त्यामुळे फुटणाऱ्या दाण्यांचे प्रमाण वाढते. नंतर चाळणीने वाळू वेगळी केली जाते.

न फुटलेल्या कठीण दाण्यांना 'गणंग' म्हणतात (निरुपयोगी माणसालाही मराठीत हाच शब्द लावतात). ते चाळून काढणे ही केवळ टापटीप नव्हे. दुधात बुडालेला गणंग दिसत नाही आणि तो दाताखाली आल्यास दात दुखावू शकतो. अगदी लहान मुलांना सबंध लाह्या देत नाहीत. त्या घशात अडकण्याचा धोका असल्याने लाह्यांचे पीठ करून ते दुधात कालवले जाते.

खाण्याची रीत

एका माणसासाठी मोठ्या वाडग्यात भरून लाह्या घेतल्या जातात. वजनाने त्या जेमतेम २० ते २५ ग्रॅम भरतात. त्यावर पेलाभर दूध घालतात. दूध गरम असावे की गार, यावर घराघरांत एकमत नाही. लाहीचा फेस अत्यंत सच्छिद्र असतो. गरम दूध त्यात लगेच शिरते आणि मिनिटाभरात लाह्या बसून खिरीसारखा मऊ गोळा होतो. वयस्कर माणसांना आणि आजारातून उठलेल्यांना हेच आवडते. कुरकुरीतपणा हवा असणारे तापवून गार केलेले दूध घेतात, ते थोडेथोडे घालतात आणि वाट न पाहता खातात. दोन्ही रीतींत लाह्या अगोदर आणि दूध नंतर हा क्रम पाळावा लागतो. दुधावर टाकलेल्या लाह्या तरंगत राहतात आणि वरच्या कोरड्या, खालच्या गिच्च होतात.

गोडीसाठी गूळ बारीक चिरून किंवा किसून घालतात. तो उकळत्या दुधात घातल्यास दूध नासण्याची शक्यता असते, म्हणून दूध कोमट झाल्यावरच तो मिसळावा. काही घरांत वेलदोड्याची पूड किंवा केळ्याचे काप घालण्याची पद्धत आहे. ज्वारीच्या सालीचे पातळ तुकडे टाळूला चिकटतात. या पदार्थाबद्दल मुलांची तक्रार बहुधा एवढीच असते.

लाह्या उरल्या तर त्यांचे पीठ दळून ठेवतात. दह्यात किंवा ताकात कालवून, मीठ, मिरची आणि फोडणी दिलेले लाह्यांचे पीठ अनेकांना दूध-लाह्यांपेक्षा अधिक प्रिय आहे. गोकुळाष्टमीच्या गोपाळकाल्यात दही-पोह्यांबरोबर लाह्याही घातल्या जातात.

नागपंचमी

श्रावण शुद्ध पंचमीला अनेक घरांत चिरणे, तळणे आणि तव्यावर भाजणे वर्ज्य असते. अशा दिवशी आधीच करून ठेवलेल्या लाह्या सोयीच्या ठरतात, हे त्यांच्या या सणाशी जडलेल्या नात्याचे एक व्यावहारिक कारण मानता येईल. नागाला दूध आणि लाह्यांचा नैवेद्य दाखवला जातो. प्रत्यक्षात साप मांसाहारी प्राणी असून दूध हे त्याचे अन्न नाही. जिवंत सापाला बळजबरीने दूध पाजणे त्याच्या जिवावर बेतू शकते. वारुळाची किंवा भिंतीवर काढलेल्या नागाच्या चित्राची पूजा करणाऱ्या घरांत नैवेद्याचे दूध-लाह्या शेवटी मुलांच्याच वाट्याला येतात.

पोषण

ज्वारीच्या दर १०० ग्रॅममध्ये सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकेच तंतुमय पदार्थ असतात. तिच्यात ग्लुटेन नसते. मात्र ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, आणि शिजवल्यावर ही प्रथिने पचनास काहीशी जड होतात. दुधात लायसिन भरपूर असल्याने दोहोंची जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. वाडग्यातील बहुतेक प्रथिने अर्थात दुधातूनच येतात, कारण लाह्या दिसायला भरपूर असल्या तरी वजनाला अल्प असतात.

बाजारातील पुड्यांवर छापलेले सर्व दावे तितके भक्कम नाहीत. ज्वारीत लोह असले तरी तिच्यातील फायटेट आणि दुधातील कॅल्शियम हे दोन्ही लोहाच्या शोषणात अडथळा आणतात, त्यामुळे रक्तक्षयावर दूध-लाह्या हा उपाय होऊ शकत नाही. लाही फुलताना पिष्ट मोकळे होते आणि ते अखंड शिजवलेल्या दाण्यातील पिष्टापेक्षा लवकर पचते. म्हणून 'ज्वारी आहे' एवढ्यावरून मधुमेहींनी गूळ घातलेला वाडगा निर्धोक समजू नये.

डबाबंद न्याहारीशी तुलना

अमेरिकेतील मिशिगन राज्यात बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात जॉन हार्वी केलॉग आणि विल कीथ केलॉग या बंधूंनी १८९४ मध्ये शिजवलेल्या गव्हाचे पातळ पापुद्रे लाटून भाजले. त्यातूनच पुढे मक्याचे कॉर्नफ्लेक्स आले आणि १९०६ मध्ये विल केलॉग यांनी त्यासाठी कंपनी स्थापन केली. लाहीला अधिक जवळचा प्रयोग अलेक्झांडर अँडरसन यांचा होता. बंद नळीत धान्य तापवून दाब एकदम सोडण्याची त्यांची युक्ती १९०४ मध्ये सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात तोफांसारख्या यंत्रांनी तांदूळ फुलवून दाखवण्यात आली. ज्वारीच्या दाण्याला अशी नळी लागत नाही. त्याची सालच ते काम करते.

केलॉगने १९९४ मध्ये भारतात पदार्पण केले आणि रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे कारखाना काढला. थंड दुधात कुरकुरीत राहावेत असे बनवलेले पापुद्रे भारतीय घरांतील गरम दुधात मऊ पडले आणि सुरुवातीचा खप अपेक्षेइतका झाला नाही. विपणनाच्या अभ्यासक्रमांत हे उदाहरण आजही शिकवले जाते. दूध तापवूनच प्यायचे ही सवय येथे चवीपुरती नव्हती. घरी येणारे कच्चे दूध टिकवण्याचा तोच मार्ग होता. दूध-लाह्या खाणाऱ्यांना मऊ पडलेला वाडगा परका नव्हता, पण त्यासाठी त्यांना महाग पुडा विकत घ्यावा लागत नव्हता.

भारत सरकारने २०१८ हे राष्ट्रीय आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्यानंतर ज्वारीच्या लाह्या आणि ज्वारीचे पोहे शहरांतील दुकानांत आकर्षक पुड्यांतून अधिक दिसू लागले. पुड्यातील लाह्या विकत घेताना त्या हवाबंद आहेत का आणि खवट वास येत नाही ना, हे पाहणे इष्ट असते. घरी त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. पावसाळी हवेत त्या सादळल्यास कोरड्या कढईत मंद आचेवर परतल्या की पुन्हा कुरकुरीत होतात.