गाजावाजा आणि गल्ला

उन्हाळा आला की दोन गोष्टींचे अंदाज सुरू होतात. एक पावसाचा आणि दुसरा सिनेमाच्या गल्ल्याचा. परीक्षा संपलेल्या असतात, मुलांना सुट्ट्या लागलेल्या असतात, लग्नसराईमुळे घरोघरी पाहुणे असतात. मोठा चित्रपट या दिवसांत आणायचा असला, की महिनाभर आधीपासून ‘इतके कोटी कमावणार’ अशी भाकिते छापून येऊ लागतात. आमच्या धाराशिव जिल्ह्यातला शेतकरी पावसाच्या अंदाजाकडे जितक्या सावधपणे पाहतो, तितक्याच सावधपणे या दुसऱ्या अंदाजाकडेही पाहावे, असे मला वाटते.

आधी कोटींचा हिशेब समजून घेऊ. तिकीट खिडकीवर जमा होतो तो एकूण गल्ला. त्यातून कर गेला की उरतो निव्वळ गल्ला. त्यात चित्रपटगृहाच्या मालकाचा वाटा असतो, वितरकाचा असतो, आणि मग उरलेले निर्मात्याकडे जाते. जाहिरातीतले १०० कोटी निर्मात्याच्या हाती पडेपर्यंत निम्म्याहून कमी झालेले असतात. फ्रान्समध्ये विकलेल्या तिकिटांची मोजदाद सरकारी संस्था करते. आपल्याकडे तशी सोय नाही. निर्माता सांगेल आणि धंद्यातले जाणकार लिहितील, तोच आकडा.

मग गाजावाजाने मिळते काय? तीन दिवस मिळतात. शुक्रवार, शनिवार आणि रविवार. सोमवारपासून खिडकीवर येणारा माणूस जाहिरात पाहून येत नाही, शेजाऱ्याचे ऐकून येतो. आम्हा कवींना हे चांगले ठाऊक आहे. संमेलनात निवेदकाने कवीची ओळख कितीही भरजरी करून दिली, तरी तिच्यावर फार तर पहिली कविता निभावते. दुसरीला श्रोते चुळबुळले की ओळख कामाला येत नाही.

१९७५ साली ‘शोले’ लागला, तेव्हा पहिल्या दिवसांत जाणकारांनी तो पडला असे जाहीर करून टाकले होते. पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. त्याच वर्षी आलेल्या ‘जय संतोषी माँ’ या अगदी कमी खर्चाच्या चित्रपटाला लोक पायातल्या चपला बाहेर काढून बसत. त्याचे भाकीत कोणी केले नव्हते.

अलीकडचे दोन उन्हाळे शेजारी शेजारी ठेवून पाहा. १५ मे २०१५ रोजी ‘बॉम्बे वेल्वेट’ आला. नामवंत दिग्दर्शक, मोठे तारे आणि छापून आलेल्या आकड्यांप्रमाणे १०० कोटींच्या वर खर्च. त्याचा निम्मा खर्चही निघाला नाही. पुढच्याच वर्षी, २९ एप्रिल २०१६ रोजी, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. नायक-नायिका नवखे, खर्च ४ कोटींच्या आसपास. एकूण गल्ल्याचे १०० कोटी ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली.

तो उन्हाळा आठवा. त्याच एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आमच्या जिल्ह्यात टँकर फिरत होते, जनावरे चारा छावणीत होती. कोणाही हिशेबनिसाने मराठवाड्यापुढे शून्यच लिहिले असते. पण लोक टमटम, टेम्पो करून तालुक्याच्या गावी सिनेमाला गेले. ठिकठिकाणी रात्री-अपरात्रीचे खेळ लावावे लागले.

अजय-अतुल यांची गाणी आधीच गाजली होती, त्यामुळे गाजावाजा नव्हताच असे म्हणता येत नाही. पण एवढी माणसे निव्वळ गाण्यांनी येत नाहीत. चित्रपट ज्या करमाळा भागात घडला, तो तालुका आमच्या परंड्याला लागून आहे. पडद्यावरची बोली आमच्या एसटी स्टँडवरची होती. नायकाचा मित्र सल्या हा मुसलमान पोरगा इतर पोरांसारखीच अस्सल मराठी बोलतो, आणि त्याबद्दल चित्रपटात कोणाला नवल वाटत नाही. आयुष्यभर ‘तुमची मराठी किती चांगली हो!’ असे ऐकत आलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट किती मोठी वाटली असेल, याची कल्पना करा. आणि शेवट तर असा, की प्रेक्षक न बोलता बाहेर पडत. मग घरी जाऊन मात्र दुसऱ्याला पाठवत.

हे सारे सांगायचे कारण निराळेच आहे. सिनेमाचा अंदाज नुसता अंदाज राहत नाही. पावसाचा अंदाज चुकला तरी पाऊस त्याचे ऐकत नाही. चित्रपटगृह मात्र ऐकते. ज्याचे भाकीत मोठे, त्याला पडदे जास्त. ज्याचे लहान, त्याला सकाळचा एखादा खेळ. तिथे गर्दी होत नाही, आणि ‘बघा, आम्ही म्हणालोच होतो’ म्हणायला जाणकार मोकळे. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ मिळावी, म्हणून २०१५ साली राज्य सरकारला पुढे यावे लागले, ते याचमुळे.

म्हणून कोटींचा आकडा वाचाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. हा गल्ला एकूण की हाती आलेला? पहिल्या तीन दिवसांचा की चौथ्या आठवड्याचा? आणि हा मांडताना कोणती गावे धरली, कोणती सोडली? ज्यांच्या खिशात काही नाही असे धरले गेले होते, त्या माणसांनी २०१६च्या दुष्काळात तिकिटे काढली. पुढच्या अंदाजात त्यांना धरले, तर आमच्या तालुक्याच्या पडद्यावरही मराठी चित्रपट संध्याकाळी सहाला लागेल.