दोह्याहून बोटीने कुठे जाता येतं?

बाबा डिसेंबरात पहिल्यांदाच दोह्याला आले. तिसऱ्या दिवशी कॉर्निशवर फिरताना त्यांनी विचारलं, ‘‘हयसून बोटीन खंय जावक गावता?’’ आम्ही मूळचे देवगडचे, घरात मालवणीच. मी नऊ वर्षं इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, ऑफिसच्या खिडकीतून रोज समुद्र बघतो. पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेला देश, आणि आपण येतो-जातो ते विमानाने.

घरी येऊन शोधलं, तर उत्तर अगदी ताजं निघालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कतारच्या उत्तर टोकावरच्या अल रुवैस बंदरातून बहारीनच्या सादा मरिनापर्यंत प्रवासी फेरी सुरू झाली आहे. अंतर ३५ सागरी मैल, म्हणजे सुमारे ६५ किलोमीटर. वेळ ७० ते ८० मिनिटं.

याचं अप्रूप इथे राहणाऱ्यांना कळेल. रस्त्याने बहारीनला जायचं तर साउदी अरेबियातून मोठा वळसा आणि मग किंग फहाद कॉजवे. जून २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी कतारशी संबंध तोडले तेव्हा रस्ताही बंद आणि विमानंही. साउदीची सीमा उघडली जानेवारी २०२१ मध्ये, बहारीनची विमानं सुरू व्हायला मे २०२३ उजाडला.

बाबांना मात्र यातलं एकच नाव ऐकू आलं, बहारीन. माझे मोठे काका १९७४ साली दिवाळीनंतर तिकडे गेले. आधी देवगडहून मुंबई. गोवा-मुंबई बोट खाडीबाहेर उभी राहायची आणि उतारूंना लहान होडीतून तिच्यापर्यंत न्यायचे. मग मुंबईहून आखाताची बोट. ‘द्वारका’सारख्या बोटी तेव्हा मुंबईहून कराची, मस्कत, दुबई, बहारीन करत कुवेतपर्यंत जायच्या. गरिबाचं तिकीट डेकचं. आपली वळकटी पसरायची आणि आपली जागा आपणच राखायची. ‘द्वारका’ १९८२ साली बंद झाली आणि तो मार्गच संपला.

काकांच्या पैशावर घराला स्लॅब पडला, आत्याचं लग्न झालं. बाबांचाही पासपोर्ट निघाला होता. पण आजोबा आजारी पडले आणि तो ट्रंकेतच राहिला. बाबा गावच्या शाळेत मास्तर झाले. काका आता नाहीत. त्यांनी पाहिलेलं बंदर एकदा समुद्रातून बघावं, एवढीच बाबांची इच्छा.

अडचण पुढे होती. ही फेरी पहिल्या टप्प्यात फक्त आखाती देशांच्या नागरिकांसाठी आहे. तुमच्या-माझ्यासारखा रेसिडेन्सीवाला तिच्यात चढू शकत नाही, व्हिजिट व्हिसावरचे बाबा तर नाहीच. हे सांगताना मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

‘‘बरां,’’ बाबा म्हणाले, ‘‘बघूक तरी जावया.’’

शुक्रवारी सकाळी निघालो. दोह्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर, सरळसोट रस्ता. रुवैसला समुद्र उथळ आणि शांत, ओहोटीला वाळू उघडी पडलेली. लाकडी मचवे पाहून बाबा खुलले. बंदराबाहेर किनाऱ्यावर त्यांनी पश्चिमेकडे तोंड केलं आणि हात कपाळाशी धरला. तिकडे बहारीन, पण दिसत काहीच नाही. एक पांढरी बोट लांब जाताना दिसली. ती फेरी होती की आणखी काही, सांगता येणार नाही. ती ठिपका होईपर्यंत बाबा बोलले नाहीत.

परतताना मी म्हटलं, ‘‘बाबा, विमानाने तासाभरात पोचू. व्हिसाचं बघतो.’’

‘‘इमानान नको. फेरी आमका उघडली की सांग माका, मगे जावया.’’

बाबांचं वय ७३. फेरीचा पुढचा टप्पा आपल्यासाठी कधी उघडेल, हे माझ्या हातात नाही. त्यांचा नवा पासपोर्ट मात्र २०३५ पर्यंत चालतो.

आखातातल्या वाचकांना एवढंच सांगेन. तुमच्या घरातलं कुणी त्या जुन्या बोटींतून आलं असेल, तर पुढच्या फोनवर त्यांना तो प्रवास विचारा. मी काकांना कधी विचारला नाही.