मद्यपी चालकाचा वकील

दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री पुण्यामुंबईच्या चौकाचौकांत पोलीस नाकाबंदी करतात आणि नव्या वर्षाच्या पहिल्या काही दिवसांत न्यायालयाच्या व्हरांड्यात एक निराळीच गर्दी जमते. कोणी मान खाली घालून उभा असतो, कोणाबरोबर थोरला भाऊ आलेला असतो, कोणाची बायको हातांतली पिशवी घट्ट धरून भिंतीशी टेकलेली असते. वृत्तपत्रे, आणि त्यांत आमचेही आलेच, या मंडळींना ‘तळीराम’ हे ठरलेले नाव देऊन त्यांची संख्या छापतात आणि मोकळी होतात. या गर्दीच्या कडेला काळा कोट घातलेली काही तरुण माणसेही उभी असतात. त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. लिहिलेच तर ‘पैशासाठी दारुड्यांना सोडवणारे’ यापलीकडे शब्द सापडत नाहीत. आज त्यांच्याविषयी लिहावयाचे आहे.

निमित्त घडले ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. आम्ही शाळेत मराठी शिकवीत असू तेव्हा हा पहिल्या बाकावर बसे आणि निबंधात हटकून मर्यादेपेक्षा दुप्पट लिही. आता तो वकील आहे. सनद मिळून सहा वर्षे झाली, नारायण पेठेतील एका जिन्याखालच्या खोलीत त्याचे कार्यालय आहे. परवा तो घरी आला आणि थोडा घुटमळून म्हणाला, “सर, एक टेम्पोवाला आला आहे माझ्याकडे. दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला आहे. आई म्हणते, घेऊ नकोस. उद्या तोच माणूस कुणाच्या पोराला उडवील आणि लोक म्हणतील, याने सोडवला होता. आणि सर, अडचण अशी की असे खटले एक घेतला की दहा येतात. माझी वकिली त्यांच्यावर उभी राहील. मला नेमके तेच नको वाटते आणि तेच हवेही आहे.”

त्याच्या आईचा राग अनाठायी आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असा केंद्र सरकारचाच आकडा आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे याच शहरात, कल्याणीनगरमध्ये, एका भरधाव परदेशी मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. मोटार चालविणारा अल्पवयीन होता. काही तासांत त्याला जामीन मिळाला, तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट त्याला घालण्यात आली आणि पुढे तर त्याच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. त्या आरोपांचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु त्या दिवसांत पुणेकरांच्या मनात जो संताप उसळला, त्यात कायद्याविषयीचा अविश्वास जितका होता तितकाच वकील या जातीविषयीचाही होता, हे आम्ही पाहिले आहे.

आता प्रश्न असा, की हा संताप योग्य ठिकाणी पोचतो काय? राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येकाला स्वतःच्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क दिला आहे. बार कौन्सिलचे नियम सांगतात की, आरोपी दोषी आहे किंवा नाही याविषयी वकिलाचे वैयक्तिक मत काहीही असो, त्याने बचाव केला पाहिजे. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव वकीलसंघटना अधूनमधून करीत असतात. असे ठराव बेकायदेशीर आणि निरर्थक आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, तामिळनाडूतून आलेल्या एका प्रकरणात, निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. पुस्तकी उत्तर येथे संपते. मात्र ज्या आईने प्रश्न विचारला तिचे एवढ्याने समाधान होणार नाही. आरोपीचा हक्क आहे हे तिला मान्य असेल. त्या हक्काचा इतरांना काय उपयोग, हे तिला कळावयाला हवे. त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे.

मुंबई राज्यात दारूबंदीचा १९४९ चा कायदा नवा असताना, १९५१ च्या मे महिन्यात, कुलाब्यात एका जीपने तीन माणसांना धडक दिली. जीप चालविणारे गृहस्थ दुसरे तिसरे कोणी नव्हते. वाहने व वाहनचालक यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मुंबई विभागाच्या परिवहन खात्याचेच ते अधिकारी होते! इस्पितळात डॉक्टरांनी तपासले तेव्हा श्वासाला दारूचा वास होता, परंतु बोलणे सुसंगत होते आणि गृहस्थ सरळ रेषेत चालूही शकत होते. आपण दारू नव्हे, अल्कोहोल असलेले एक औषधी टॉनिक घेतले होते, असा त्यांचा बचाव होता. खालच्या न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने दारूबंदीच्या कलमाखाली दोषी ठरविले आणि १९५४ मध्ये, ‘पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य’ या नावाने आजही अभ्यासिल्या जाणाऱ्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. पोटात गेले ते निषिद्ध मद्यच होते, औषध नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ.

त्या काळी अनेकांनी कपाळाला हात लावला असेल. पण पुढे काय झाले ते पाहावे. विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण मोजण्याची तरतूद केली, त्याची ०.०५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि ती ओलांडली गेल्यास ते औषध होते हे दाखविण्याची जबाबदारी आरोपीवर टाकली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात पुन्हा सांगितले की, वास येतो, झोकांड्या जातात, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या आहेत एवढ्यावरून माणूस प्यायला होता असे खात्रीने धरता येत नाही. आज १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ वासाविषयी एक अक्षर बोलत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल, असा चोख आकडा ते मागते. एका वकिलाने एका आरोपीसाठी चिवटपणे वाद घातला नसता, तर हवालदाराच्या नाकावर माणसाला शिक्षा देण्याची रीत आणखी किती वर्षे चालली असती कोण जाणे. निर्दोष माणूस त्या रीतीत सापडला असता आणि झिंगलेला माणूस वेलदोडा चघळून सुटला असता.

आकडा आला म्हणजे वाद संपला असे मात्र नाही. यंत्रही माणसांनीच हाताळावयाचे असते. त्याची ठराविक काळाने तपासणी झाली होती काय? नुकतीच चूळ भरलेली असेल किंवा शेवटचा घोट ताजा असेल, तर पंधराएक मिनिटे यंत्र रक्तात आहे त्याहून अधिक आकडा दाखवू शकते. तेवढा वेळ थांबले होते काय? अटक झाली असेल तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, न झाल्यास त्याला सोडले पाहिजे, असे कायदा म्हणतो. वेळेची नोंद कोठे आहे? रक्त काढताना कातडी स्पिरिटने पुसली नव्हती ना? कुपीत परिरक्षक द्रव्य घातले होते काय, ती मोहोरबंद कोणी केली, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ती कोणाच्या ताब्यात होती? आणि सर्वांत साधा प्रश्न म्हणजे, हा माणूस गाडी चालवीत होता, की उभ्या गाडीत मागच्या आसनावर झोपला होता? आमच्या विद्यार्थ्यासारख्या वकिलाचे सारे काम या आठ-दहा प्रश्नांत सामावलेले असते. त्यांत चमत्कार नाही, वक्तृत्व नाही. कागद वाचण्याचा कंटाळा नसला म्हणजे झाले. आणि हेच प्रश्न रोज कोणी तरी विचारील अशी धास्ती असली, तर कुपी बदलण्याची हिंमत करणाराही दोनदा विचार करील, असे आम्हाला वाटते. नमुन्याची साखळी बळकट असावी असा आग्रह बचावाचा वकील धरतो. तोच आग्रह मृताच्या आईबापांच्याही कामी येतो.

या धंद्याची दुसरी बाजू न दाखविणे अप्रामाणिकपणाचे होईल. १० जानेवारी १९९९ रोजी दिल्लीत एका मोटारीखाली सहा माणसे गेली, त्यांत तीन पोलीस होते. त्या खटल्यात २००७ मध्ये, बचावपक्षाचे नामांकित वकील आणि खास सरकारी वकील हे दोघे मिळून एका महत्त्वाच्या साक्षीदाराशी संधान बांधीत असल्याचे चित्रण दूरचित्रवाणीवर झळकले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये दोघांनाही न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरून चार महिने न्यायालयात उभे राहण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बचावाच्या वकिलाचा दोष कायम ठेवला. पुरावा तपासणे आणि पुरावा बिघडविणे यांत काय अंतर आहे, हे या प्रकरणाने सर्वांच्या डोळ्यांसमोर आणले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, हे अंतर विसरलेले वकील जिन्याखालच्या खोलीत बसणारे नव्हते.

तथापि जिन्याखालच्या खोलीतही मोह असतोच आणि त्याचे मूळ पोटात असते. आपल्याकडे वकिलाला जाहिरात करता येत नाही. पाटी बेताच्या आकाराची असावी लागते आणि अमुक प्रकारच्या कामात आपण तज्ज्ञ आहो असेही तिच्यावर लिहिता येत नाही. अमेरिकेत १९७७ पासून वकिलांना जाहिरातीची मुभा मिळाली आणि तेथे मद्यपी चालकांचे खटले चालविणे ही स्वतंत्र शाखाच होऊन बसली; हमरस्त्यांच्या कडेला त्या वकिलांचे फलक लागतात. ते चित्र आम्हाला रुचत नाही, हे खरे. पण आपल्याकडे फलक नाहीत म्हणून गिऱ्हाईक देवाच्या कृपेने चालत येते, असे थोडेच आहे? ते दलाल आणतो. पोलीस चौकीच्या बाहेरचा चहावाला, परिवहन कार्यालयाच्या आवारातला एजंट, फाटकाशी ‘काम करून देतो’ म्हणून खुणावणारा इसम, हे आपल्याकडचे फलक. २०२३ मध्ये वकिलांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अशा दलालांच्या याद्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना व जिल्हा न्यायाधीशांना मिळाला. यादीत नाव येईल तेव्हा येईल. तोवर नवा वकील काय करतो? ज्येष्ठाच्या हाताखाली वर्षानुवर्षे उमेदवारी करतो. कनिष्ठ वकिलाला शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस बार कौन्सिलने २०२४ मध्ये केली आहे. ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकरही वकीलच होता आणि सनद तहकूब झाल्यावर रिकाम्या बसलेल्या त्याच्यापुढे पहिला प्याला आला, हे येथे सहज आठवले.

दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास, अथवा दोन्ही, अशी पहिल्या गुन्ह्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे; दुसऱ्याला पंधरा हजार आणि दोन वर्षांपर्यंत. मोठ्या घरच्या मुलाला दहा हजार म्हणजे एका रात्रीचे बिल. टेम्पोवाल्याला तो महिन्याचा संसार आहे आणि परवाना निलंबित झाला तर चूलच बंद. लहान वकिलाकडे येतात ते हे दुसरे. त्यांना बहुधा सुटका हवी असते. त्यांच्या हिताचा सल्ला कित्येकदा निराळा असतो. कागद पक्के असतील तर गुन्हा कबूल करावा, पूर्वी कधी असे घडले नाही हे दाखवावे, परवान्याविषयी न्यायाधीशांपुढे खरी परिस्थिती मांडावी. हे सांगणारा वकील त्या दिवशी फी गमावण्याची शक्यता असते. निकालावर फी ठरविण्यास तर त्याला मनाईच आहे. अशा वकिलाची वकिली वाढते ती सावकाश, एका अशिलाने दुसऱ्याला सांगितल्याने, आणि दंडाधिकाऱ्यांना त्याच्या शब्दाचा भरवसा वाटू लागल्याने. यास किती वर्षे लागतात हे विचारण्याची सोय नाही.

आम्ही त्याला म्हणालो, “खटला घे. आईला सांग, सरांनी सांगितले. पण आधी कागद बघ आणि कागद सांगतील तेच त्या माणसाला सांग.” तो नमस्कार करून गेला.

चार दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला. यंत्राची छापील चिठ्ठी होती, आकडा मर्यादेच्या तिपटीवर होता, वैद्यकीय तपासणी पाऊण तासात झालेली होती, यंत्राचे प्रमाणपत्र ताजे होते. कोठे बोट ठेवावयाला जागा नव्हती. गुन्हा कबूल करा, मी परवान्यासाठी बोलतो, असे त्याने टेम्पोवाल्याला सांगितले. टेम्पोवाला म्हणाला, “कबूलच करायचे तर वकील कशाला केला, साहेब?” आणि कागद परत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो न्यायालयाच्या फाटकाशी, चहाच्या गाडीजवळ, दुसऱ्याच कोणाशी तरी हलक्या आवाजात बोलताना दिसला.

“मग तू काय केलेस?” आम्ही विचारले.

“काही नाही, सर. माझी दुसरी तारीख होती, वर गेलो.”