पेंटबॉल : खासगी जमिनीवरील दायित्व

संपीडित वायूवर चालणाऱ्या बंदुकीतून रंग भरलेल्या जिलेटिनाच्या गोळ्या परस्परांवर झाडण्याचा सांघिक खेळ म्हणजे पेंटबॉल. असा खेळ खासगी मालकीच्या रानात किंवा शेतजमिनीवर चालू असता खेळाडूस इजा झाल्यास तिची भरपाई कोणी करावयाची, हा अपकृत्य कायद्यातील एक गुंतागुंतीचा प्रश्न होय. झाडे व गुरे दुरून खुणावण्यासाठी बनविलेल्या रंगबंदुका घेऊन अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातील हेनिकर येथील रानात २७ जून १९८१ रोजी बाराजणांनी या खेळाचा पहिला डाव मांडला. पुढे खेळाचा प्रसार झाला आणि त्याबरोबर जमीनमालकांपुढे हा प्रश्न उभा राहिला.

गोळीचा व्यास सु. १७ मिमी. असून तिचा वेग सामान्यतः सेकंदास ३०० फुटांपर्यंत (सु. ९१ मी.) मर्यादित ठेवतात. अंगावर बसल्यास तिचा वळ उठतो. उघड्या डोळ्यावर बसल्यास मात्र दृष्टी कायमची जाऊ शकते. ही इजा खेळाडूच्या कृतीतून उद्भवते. बुजलेली विहीर, गवतात दडलेली काटेरी तार किंवा कुजलेले मचाण यांमुळे होणारी इजा जमिनीच्या स्थितीतून उद्भवते. दायित्वाचा विचार करताना हे दोन प्रकार वेगळे ठेवणे अवश्य आहे.

जमिनीच्या स्थितीबाबत इंग्लिश व अमेरिकन कॉमन लॉने आगंतुकांचे तीन वर्ग कल्पिले : मालकाच्या व्यवहाराशी संबंधित कामासाठी आलेला निमंत्रित, परवानगीने पण स्वतःच्या सोयीसाठी आलेला अनुज्ञप्त आणि विनापरवाना शिरलेला अतिचारी. निमंत्रिताच्या सुरक्षिततेसाठी मालकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे तत्त्व इंडरमॉर वि. डेम्स (१८६६) या खटल्याने रूढ झाले. त्यातील वादी साखर कारखान्यातील उघड्या विवरात पडलेला गॅस-कारागीर होता. अनुज्ञप्तास केवळ मालकास ठाऊक असलेल्या छुप्या धोक्याची सूचना पुरे. घरी आग्रहाने बोलाविलेला पाहुणाही या परिभाषेत निमंत्रित नसून अनुज्ञप्तच ठरतो, हे सामान्य माणसास चमत्कारिक वाटेल. इंग्लंडने १९५७ च्या अधिनियमाने पहिल्या दोन वर्गांतील भेद मिटविला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रोलंड वि. क्रिश्चन (१९६८) या खटल्यात वर्गवारी निर्णायक मानण्याचे नाकारून वाजवी काळजी हीच कसोटी ठरविली. अन्य अनेक राज्यांत जुनी वर्गवारी टिकून आहे.

शिकारी, मासेमारी करणारे व पदभ्रमण करणारे यांना मालकांनी आपली जमीन मोकळी ठेवावी, या हेतूने अमेरिकन राज्यांनी मनोरंजनार्थ भूवापराचे कायदे केले. १९६५ मध्ये राज्यांसाठी एक नमुना-अधिनियमही तयार करण्यात आला. विनामूल्य प्रवेश देणाऱ्या मालकावर जमीन सुरक्षित राखण्याचे वा धोक्याची सूचना देण्याचे कर्तव्य राहत नाही, हे या कायद्यांचे सार. बुद्धिपुरस्सर धोका दडविणाऱ्यास हे संरक्षण मिळत नाही. प्रवेशमूल्य घेणाऱ्यासही ते सामान्यतः मिळत नाही. कॅलिफोर्नियाच्या नागरी संहितेचे कलम ८४६ याहून पुढे जाते : ज्यांना नुसती परवानगी न देता मालकाने स्वतः स्पष्टपणे बोलाविले, त्यांच्याबाबतही संरक्षण उरत नाही. परिणामी अनोळखी तरुणांना ‘खेळा’ म्हणणारा मालक सुरक्षित राहतो. मित्रांना रविवारी खेळावयास बोलाविणारा किंवा प्रत्येकाकडून प्रवेशाचे चार पैसे घेणारा मात्र राहत नाही. शिवाय पेंटबॉलचा नामनिर्देश बहुतेक जुन्या कायद्यांत नसल्याने तो ‘मनोरंजन’ या संज्ञेत बसतो की नाही, हे त्या त्या कायद्याच्या शब्दरचनेवर अवलंबून राहते.

सहखेळाडूंच्या कृतीबाबत धोक्याच्या स्वीकृतीचे तत्त्व लागू होते. नाइट वि. ज्यूएट (१९९२) या टच फुटबॉलविषयक खटल्यात, हेतुपुरस्सर अथवा बेदरकार वर्तन सिद्ध झाल्यासच सहखेळाडू जबाबदार ठरेल, असे कॅलिफोर्नियात ठरले. मैदानाबाहेर मुखवटा उतरविलेल्यावर गोळी झाडणे अशा वर्तनात मोडू शकेल.

खेळापूर्वी सही करून घेतलेल्या दायित्वमुक्तिपत्रावर मालकांचा मोठा भरवसा असतो. तो सर्वत्र सार्थ नाही. अनेक राज्ये अशी पत्रे स्पष्ट शब्दांत असल्यास मान्य करतात. व्हर्जिनियाने मात्र वैयक्तिक इजेबाबत ती हिएट वि. लेक बारक्रॉफ्ट (१९९२) या निर्णयात अग्राह्य ठरविली, तर न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार शुल्क घेणाऱ्या करमणूकस्थळांच्या हयगयीस त्यांचे संरक्षण नाही. अज्ञानाच्या वतीने पालकाने केलेल्या सहीविषयी वॉशिंग्टन व ओहायो राज्यांचे निर्णय परस्परविरोधी आहेत. लहान मुले विनापरवाना शिरली, तरी त्यांना आकर्षून घेणाऱ्या कृत्रिम धोक्याबद्दल मालक जबाबदार ठरू शकतो. रेल्वेच्या फिरत्या चकतीवर जखमी झालेल्या मुलाच्या खटल्यापासून (१८७३) हे तत्त्व चालत आले आहे. घरमालकाच्या विम्यातून धंदेवाईक उपयोग बहुधा वगळलेला असतो. त्यामुळे शुल्क घेणारा मालक कायद्याचे व विम्याचे, अशी दोन्ही संरक्षणे एकदमच गमावण्याचा संभव असतो.

भारतात भोगवटादाराच्या दायित्वाविषयी इंग्लंडसारखा स्वतंत्र अधिनियम नाही व मनोरंजनार्थ भूवापराचा कायदाही नाही. न्यायालये हयगयीच्या सर्वसाधारण तत्त्वांवर निर्णय देतात. लोणावळ्यासारख्या ठिकाणी शुल्क घेऊन हा खेळ चालतो, तेथे खेळाडू ग्राहक ठरत असल्याने सेवेतील न्यूनतेबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालीही त्यास दाद मागता येते. अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच शून्य असल्याचे प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी वि. धर्मोदास घोष (१९०३) या खटल्यात ठरविले असल्यामुळे शाळकरी मुलांनी स्वतः सही केलेल्या मुक्तिपत्रास येथे काहीच किंमत नाही.