बॉनेटखालचं पाणी

धो धो पावसात पुढचा ट्रक चिखलपाण्याचा फवारा उडवत असतो, तो जाळीतून थेट इंजिनापर्यंत पोचतो आणि तरी गाडी निमूट घाट चढते. मग घरच्या अंगणात बॉनेट उघडून इंजिन धुवायला पाण्याची बाटली हातात घेतली की पोटात गोळा का येतो?

भीती अगदीच खोटी नाही. सिलिंडरमध्ये पेटलेला वायू २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातो आणि काही मिलिमीटर धातूपलीकडे कूलंट ९० अंशांच्या आसपास खेळत असतो. शेजारी १२ व्होल्टची बॅटरी. तेच १२ व्होल्ट इग्निशन कॉइल वीस हजारांच्या वर नेते, तेव्हा कुठे ठिणगी पडते. हे सगळं एवढ्याशा जागेत वर्षानुवर्षं सुखाने नांदतं!

पावसातही ते नांदतं ते पाणी आत शिरू न देणाऱ्या रबराच्या बारीक सीलांमुळे. या सीलांची परीक्षा घेण्याचे ठरलेले नियम आहेत. ‘आयपी ६७’ दर्जाचा भाग मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी बिघडत नाही. मात्र मीटरभर पाण्याचा दाब असतो जेमतेम ०.१ बार, आणि घरगुती प्रेशर वॉशरचा पंप सहज १०० बारपर्यंत जातो. धारेची परीक्षाच वेगळी, ‘आयपी ६९के’: ८० अंश गरम पाणी, ८० ते १०० बार दाब, तेही १०-१५ सेंटिमीटरवरून. बॉनेटखालचा प्रत्येक भाग त्यातून गेलेला नसतो. म्हणजे धोका ओलाव्यापेक्षा जोराचा. प्रेशर वॉशर तेवढा बाजूलाच ठेवा.

इंजिन हात ठेवता येईल इतकं निवू द्या. तेलकट मळ सोडवणारा डिग्रीझर तापल्या धातूवर लगेच सुकतो आणि डाग सोडतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरकडे जाणारं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाका. आधी कोरड्या ब्रशने पानं आणि धूळ काढा.

मग डिग्रीझर फवारा आणि दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसा. टॅपेट कव्हरच्या बोल्टभोवती तेल आणि धूळ यांचा काळा थर घट्ट बसलेला असतो. तो आधी चमकतो, मग मऊ पडतो आणि तपकिरी ओघळ खाली उतरू लागतात. डिग्रीझरच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. असे असंख्य रेणू तेलाच्या कणाभोवती गोळा होतात, तेलाकडची टोकं आत, पाण्याकडची बाहेर. तेल त्या गोळीत कैद होतं आणि एरवी त्याला शिवतही नसलेलं पाणी त्याला अलगद उचलून नेतं. भांडी घासताना हेच रोज घडतं, पण इथे टूथब्रशच्या चार फेऱ्यांनंतर धातूत ओतलेली अक्षरं आणि आकडे उमटतात, तेव्हा ते डोळ्यांना पटतं. ते काळं पाणी जमिनीत किंवा गटारात सोडू नका, जुन्या फडक्यांनी टिपून घ्या.

स्वच्छ पाणी बाटलीनेच फवारा. स्पार्क प्लगच्या खड्ड्यांपासून मात्र जपून. तिथे पाणी साचलं की ठिणगीच्या एवढ्या मोठ्या व्होल्टेजला आडवाट सापडते आणि गाडी मिस मारते. सगळं पुसून, पिशव्या काढून, पूर्ण वाळल्यावर वायर जोडा आणि बॉनेट उघडं ठेवून इंजिन थोडा वेळ चालू ठेवा. उरलासुरला दमटपणा उष्णतेनेच जातो. प्लॅस्टिकला चकाकी आणणारं पॉलिश लावायची हौस असेल तर लावा, पण बेल्टवर त्याचा थेंबही नको. नाहीतर बेल्ट घसरेल.

खरी गंमत आठवड्याभराने. स्वच्छ धातूवर नवा ओघळ लपत नाही. तेल खाली उतरतं आणि वाऱ्याने मागे सरकतं, म्हणून डाग सर्वांत वर आणि पुढे जिथे सुरू होतो तिथे गळती शोधायची. तपकिरी ओघळ तेलाचा, हिरवा किंवा गुलाबी बहुधा कूलंटचा. मग मेकॅनिककडे ‘कुठून तरी ऑइल गळतंय’ असं मोघम सांगावं लागत नाही, जागेवर बोट ठेवता येतं.