घराच्या डोक्यावरचें ऊन

विजेचें बिल हातांत पडलें म्हणजे आपण प्रथम त्यावरील रकमेकडे पाहतों, थोडेसे चरफडतों, आणि कागद खिळ्याला अडकवून देतों. त्याच कागदावर दुसरा एक आंकडा असतो, तो महिन्यांत खर्च झालेल्या युनिटांचा. आज मला जें सांगावयाचें आहे तें त्या दुसऱ्या आंकड्याविषयीं आहे. घराच्या गच्चीवर उन्हापासून वीज निर्माण करावी, हा विचार आतां खेड्यापाड्यांतूनही बोलला जातो. सातारा जिल्ह्यांतील मान्याचीवाडी हें लहानसें गांव २०२४ सालीं राज्यांतील पहिलें सौरग्राम म्हणून जाहीर झालें. विचार उत्तमच आहे. परंतु ज्या घागरीला तळाशीं भोंक आहे, ती भरण्यासाठीं आड खोल करण्याआधीं भोंक बुजवावें, एवढा व्यवहार आपण पाळला पाहिजे.

युनिट म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें कीं एक युनिट वीज खर्च होते. जुना शंभर वॅटचा तारेचा दिवा दहा तास लावला कीं एक युनिट संपलें. त्या दिव्यांत नऊ दशांशांहून अधिक वीज उष्णता होऊन जात असे; आपण त्याला दिवा म्हणत होतों, पण वस्तुतः ती एक लहानशी शेगडीच होती. हल्लींचा नऊ वॅटचा एलईडी दिवा जुन्या साठ वॅटच्या दिव्याइतका उजेड देतो, ही गोष्ट आतां घरोघर ठाऊक झाली आहे. ठाऊक नाहीं ती पंख्याची. छताला टांगलेला नेहमींचा पंखा सुमारें ७५ वॅट घेतो. 'बीएलडीसी' या नांवानें मिळणारा नव्या मोटरीचा पंखा तेवढाच वारा सुमारें ३० वॅटमध्यें देतो. पंखा दिवसाला पंधरा तास चालत असेल, तर पहिल्याचा खर्च १.१२५ युनिट, दुसऱ्याचा ०.४५. वर्षाचे तीनशें दिवस धरले तर एका पंख्यामागें दोनशें युनिटें वांचतात. तीन पंख्यांमागें सहाशें. आतां गच्चीवरील एक किलोवॅटचा सौरसंच आपल्या प्रांतांत वर्षाला अदमासें चौदाशें युनिटें देतो. म्हणजे तीन पंखे बदलणें हें जवळ जवळ अर्धा किलोवॅट सौरसंच बसविण्यासारखें झालें, आणि त्याला ना गच्ची लागते ना ऊन!

दुसरेंही एक आहे. घरगुती विजेचा दर आपल्याकडे टप्प्याटप्प्यानें चढतो. शंभर युनिटांपर्यंत एक दर, पुढें तीनशेंपर्यंत त्याहून मोठा, आणि त्यापुढें आणखी मोठा. त्यामुळें जें युनिट आपण वांचवितों तें नेहमीं वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यांतील असतें. शीतकपाटाच्या दाराचें रबर सैल झालें असेल तर तें बदलावें, कपाट भिंतीला अगदीं चिकटवून ठेवूं नये, वगैरे सूचना सर्वांना पाठ आहेत. त्यांत मी वेळ घालवीत नाहीं.

वेळ घालवावयाचा तो छतावर. पुण्याचे अक्षांश सुमारें साडेअठरा उत्तर. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस दुपारीं सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. उन्हाळ्यांत दक्षिणेच्या भिंतीला फारसें ऊन लागत नाहीं. सकाळीं पूर्वेची भिंत, दुपारनंतर पश्चिमेची, आणि उभा दिवस छत तापत राहतें. सिमेंटचा स्लॅब ही उष्णता पोटांत सांठवून ठेवतो व रात्रीं ती खालीं सोडतो. म्हणूनच बाहेर वारा सुटला तरी आंतील माणूस रात्रीं अकरा वाजतांही घामानें भिजलेला असतो, आणि पंखा तीच तापलेली हवा त्याच्या अंगावर लोटीत असतो. वृद्ध माणसांना व तान्ह्या मुलांना हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाहीं, तो जिवाचा प्रश्न आहे. अहमदाबाद शहरानें उष्णतेच्या लाटेविरुद्ध २०१३ सालीं योजना आंखली, आणि पुढें गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचें काम तिला जोडलें. तेलंगण राज्यानें २०२३ सालीं शीत छपरांचें धोरणच जाहीर केलें. यांतील विद्या आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होती: काळें तापतें, पांढरें ऊन परतवितें. फाल्गुनांत गच्ची झाडून, भिजविलेला चुना गाळून त्याचे दोन हात दिले, तर खोलींतील फरक हाताला कळतो. पावसाळ्यांत चुना धुऊन जातो हें खरें. मग पुढच्या फाल्गुनांत पुन्हां द्यावा. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींचें कौतुक पुष्कळ होतें, आणि ते वाडे थंड असत हें मीही सांगेन. पण त्यांच्या माजघरांत दिवसां दिवा लावावा लागे आणि स्वयंपाकघरांत धुरानें डोळे जात, हेंही विसरूं नये.

आतां स्नानाचें पाणी. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नास अंशांवर न्यावयाचें तर सुमारें साडेतीन युनिटें लागतात. हेंच काम गच्चीवरील सौरबंब फुकट करतो, आणि त्यांत हलणारा भाग एकही नाहीं. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें, थंड पाणी खालीं उतरतें. म्हणून टाकी नेहमीं नळ्यांच्या वर असते. उन्हापासून वीज करून त्या विजेनें पाणी तापविणें हा द्राविडी प्राणायाम आहे. ऊन थेट पाण्याला द्यावें. मात्र बंबापासून न्हाणीघरापर्यंतची नळी लांब व उघडी असेल, तर अर्धी बादली थंड पाणी सोडल्यावर ऊन पाणी येतें. नळीला वेष्टण घालण्याचा खर्च करावा.

इतकें झाल्यावर सौरविजेकडे वळावें. सिलिकॉनच्या पहिल्या उपयुक्त सौरघटानें १९५४ सालीं अमेरिकेंत उन्हांतील शक्तीचा सुमारें सहा टक्के भाग विजेंत उतरविला होता. आज बाजारांत मिळणारीं पॅनेलें वीस टक्क्यांहून अधिक उतरवितात. एका किलोवॅटला सांवली नसलेली सुमारें शंभर चौरस फूट जागा धरावी, आणि पॅनेलांचें तोंड दक्षिणेस करावें. तीव्र उन्हाळ्यांत वीज सर्वांत अधिक मिळेल असें वाटतें, पण पॅनेल स्वतः तापलें कीं त्याची वीज थोडी घटते. एप्रिलच्या भाजणाऱ्या दुपारीं हें दिसून येतें. आणखी एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. जो संच वीजमंडळाच्या तारेशीं जोडलेला असतो, तो तारेंतील वीज गेली कीं आपोआप बंद पडतो. भर दुपारीं गच्चीवर लख्ख ऊन आणि घरांत पंखा बंद, हें पाहून माणूस चिडतो. पण तसें नसतें तर खांबावर दुरुस्तीसाठीं चढलेल्या कामगाराला आपल्या गच्चीवरची वीज मारती. वीज गेल्यावरही पंखा चालावा अशी इच्छा असेल तर बॅटरीचा निराळा खर्च करावा लागतो.

आमच्या घरीं काय झालें तें सांगतों. २०२४ सालीं केंद्र सरकारनें सूर्यघर योजना काढली. तींत एका किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन किंवा अधिकला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये साहाय्य ठरविलें. आमच्याकडे आलेल्या विक्रेत्यानें तीनच किलोवॅटचा आग्रह धरला, आणि पश्चिमेचा आंबा गच्चीवर सांवली पाडतो म्हणून तो तोडावा असें सुचविलें. आंबा माझ्या वडिलांनीं लावलेला. शिवाय दुपारीं तीननंतर पश्चिमेच्या भिंतीवरचें सारें ऊन तोच अडवितो. घरांतून स्पष्ट सांगण्यांत आलें कीं लोणच्याच्या कैऱ्या मांडवावर लागत नाहींत. मीं वहींत हिशेब मांडला. महिन्याची सरासरी दोनशें युनिटें होती. पंखे बदलल्यानें पन्नास कमी झालीं, सौरबंबानें सरासरी पस्तीस. राहिलीं एकशें पंधरा. तेवढीं तर एकच किलोवॅट देतो! विक्रेता खट्टू झाला, पण दोन पॅनेलें घेऊन आला. आंबा वांचला.

येथें मास्तरांची फजिती झाली तीही ऐका. पॅनेलें मे महिन्यांत बसविलीं. गच्चीच्या दक्षिणेस जिन्यावरची आठ फूट उंच खोली आहे. तिच्या मागेंच पॅनेलें ठेवलीं, कारण दुपारीं तेथें सांवलीचा मागमूस नव्हता. ऑक्टोबरपर्यंत निरभ्र दिवशीं चार युनिटें मिळत. डिसेंबरांत तीं दोनांवर आलीं. पॅनेल बिघडलें म्हणून मीं विक्रेत्याला दूरध्वनि केले, त्यानें धूळ असेल म्हणून सांगितलें, आणि यांत महिना गेला. शेवटीं एके दिवशीं दुपारीं गच्चीवर गेलों तों खोलीची सांवली एका पॅनेलावर अर्ध्यापर्यंत पसरलेली. पस्तीस वर्षें मुलांना उत्तरायण-दक्षिणायन शिकविलें, आणि स्वतःच्या गच्चीवर विसरलों! डिसेंबरच्या २१ तारखेस आपल्याकडे दुपारचा सूर्य क्षितिजापासून फक्त अठ्ठेचाळीस अंश वर येतो, म्हणून कोणत्याही वस्तूची सांवली तिच्या उंचीच्या नऊदशांश लांब उत्तरेस पडते. आठ फुटांची खोली, सात फुटांहून लांब सांवली. सकाळीं व तिसऱ्या प्रहरीं त्याहूनही लांब. आणि पॅनेलें एकामागून एक जोडलेलीं असल्यामुळें एकावर सांवली आली तरी नुकसान त्या एकापुरतेंच राहतें असें नाहीं. एका दोरींत बांधलेल्या बैलांपैकीं एक लंगडला कीं दुसऱ्याचीही चाल मोडते.

विक्रेत्यानें हात वर केले. स्थलांतराचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनांतूनच गेला. संक्रांतीच्या आदल्या दिवशीं पॅनेलें खोलीपासून बारा फूट उत्तरेस हलविलीं, आणि त्या आठवड्यांतच आंकडा पुन्हां चारावर गेला. आतां दर पंधरवड्यास सकाळीं, कांच तापण्यापूर्वीं, मी तीं साध्या पाण्यानें पुसतों, आणि त्याच वहींत मीटरचा आंकडा लिहितों. ज्यांच्याकडे विक्रेता उन्हाळ्यांत येणार आहे, त्यांनीं गच्चीच्या दक्षिणेकडील प्रत्येक उंचवट्याची उंची आधीं मोजून ठेवावी आणि त्याच्या उत्तरेस निदान दीडपट अंतर मोकळें सोडण्यास सांगावें.