आवडता बँड बदलतो तेव्हा

भजनी मंडळाने अभंगाची जुनी चाल बदलली की म्हातारी मंडळी कुरकुरतात ना? रॉक बँडचंही तसंच असतं. १९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' बँड सुरू झाला. तेव्हा श्रोत्यांना परदेशी बँडचीच गाणी हवी असायची. तरी या मुलांनी १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' ठेवलं. इंडस म्हणजे सिंधू नदी. संगीतातही भारतीय रंग आला.

असं झालं की काही चाहते नाराज होतात. कारण जुन्या गाण्याला त्यांच्या आठवणी चिकटलेल्या असतात. पण कलाकारही वाढत असतो, तुमच्यासारखाच! म्हणून नवं गाणं दोन-तीनदा ऐका. नाहीच आवडलं तर सांगा, पण कारणासह.